खानदेशच्या सिनॅरिओसाठी टेक ट्री: सगळे तोफेकडेच का पळतात?

थाळनेरचा वाटसरू

राम राम मंडळी. गेले चार महिने फ्रीसिव्ह या राज्य वाढवायच्या कॉम्प्युटर गेममध्ये खानदेशचा सिनॅरिओ (ठरावीक नकाशा आणि काळाचा खेळ) बनवतोय. नकाशा झालाय, वर सातपुडा, खाली सातमाळा-अजिंठ्याची रांग, मधून तापी, तिला येऊन मिळणाऱ्या पांझरा, बोरी, गिरणा, वाघूर, अनेर सगळ्या काढल्यात. काळ 1382 ते 1906, म्हणजे थाळनेरला फारुकी सुलतान स्वतंत्र झाले तिथपासून ते पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे झाले तिथपर्यंत. खेळाडू चार, फारुकी, मुल्हेरचे बागुल, सातपुड्यातले भिल्ल नाईक आणि मुघल. मराठे आणि 1818 ला इंग्रज स्क्रिप्टने उतरतात.

अडलंय ते टेक ट्रीवर, म्हणजे कोणतं तंत्र कशानंतर शिकता येतं त्या साखळीवर. मूळ गेममधली 87 तंत्रं कापून मी 38 वर आणली, आपल्याकडची काही घातली, बंधारा, फड (बंधाऱ्यावरची सामाईक शेती), रेचा (सरकी काढायचं हातयंत्र), तांडा वगैरे. दिवाळीत मामाची मुलं आली होती, चौघांनी बसून खेळून पाहिलं. साठाव्या टर्नपर्यंत चौघांकडे तोफा, आणि पांझरेवर एकाही पोराने बंधारा बांधला नाही! ज्या गोष्टीसाठी मी हा सिनॅरिओ करायला घेतला तीच कोणी हातात घेतली नाही याचं फार वाईट वाटलं. तोफेची किंमत वाढवू, की बंधाऱ्याचा फायदा वाढवू, की मुळातच काही चुकलंय? ज्यांनी आधी रूलसेट (गेमच्या नियमांच्या फाईल) लिहिलेत त्यांनी सांगा.

भुसावळ जंक्शन

तोफेची किंमत डबल कर. दोन मिनिटांचं काम.

जिभाऊ शिंदखेड्याचा

आनि बठ्ठा बंधाराच बांधत बसतीन तं लढाले कोन जाई? 😄 पन गेम माले बी धाड भाऊ, सुट्टीमा पोऱ्हे मोबाईल सोडतस नई, हाई तरी खेळतीन.

गिरणाकाठची

मी चाळीसगावची, सध्या पुण्यात. किंमत डबल करून काही होणार नाही, आधी मुळातली गोष्ट बघा. फ्रीसिव्हमध्ये तंत्राची किंमत सहसा त्याच्या स्वतःवर नाही, तर सुरुवातीपासून तिथपर्यंत एकूण किती तंत्रं शिकावी लागतात त्यावर ठरते. प्रत्येक तंत्राला दोन पालक, म्हणजे आधी शिकायची तंत्रं, त्यांना परत दोन, असं मुळापर्यंत मोजत जायचं. तुम्ही 87 ची 38 केलीत तेव्हा तोफेच्या पोटातले किती पालक उडवलेत? मूळ ट्रीमध्ये बारूद बऱ्यापैकी खोल असतं, त्याच्या खालचं सगळं काढून टाकलं की ते आपोआप स्वस्त होतं. आणि बंधारा किती खोल ठेवलाय? दोघांची साखळी इथे टाका, मग बोलू.

थाळनेरचा वाटसरू

ताई, आत्ता मोजलं. तोफेपर्यंत एकूण सहा. बंधाऱ्यापर्यंत अकरा! दगडी बांधकाम, मग गणित, मग लेखन, मग करारपत्र, मग राज्यव्यवस्था… मला वाटलं बंधारा म्हणजे मोठी गोष्ट, तर त्याला मोठं तंत्र मागे हवं.

गिरणाकाठची

सापडलं तुमचं दुखणं. पोरांनी बरोबरच केलं, सहा पायऱ्यांवर तोफ मिळत असेल तर अकरा पायऱ्या कोण चढेल.

साक्रीचा पाटकरी

आता माझं थोडं ऐका, लांब होईल. माझे आजोबा पांझरेच्या फडावर पाटकरी, म्हणजे पाणी सोडणारे, होते. लेखन नाही, गणित नाही, सही म्हणजे अंगठा. पण कोणत्या चारीला किती वेळ पाणी, कोणाचं वावर कधी भिजलं, हे सगळं डोक्यात. म्हणून बंधाऱ्याच्या मागे गणित आणि लेखन बघितलं तेव्हा ते मला पटलंच नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पांझरा, मोसम, आरम या नद्या सह्याद्रीतून उतरतात, उतार चांगला, काठ फार उंच नाहीत. नदीत आडवा दगडी बंधारा घातला की पाणी नुसत्या उताराने पाटात चढतं, पाटातून चारीत, चारीतून वावरात. मोट नाही, काही नाही. अशी पद्धत आपल्याकडे तीन-चारशे वर्षं चालली. पण बंधारा ही त्यातली सोपी गोष्ट. खरी गोष्ट म्हणजे फड. भिजणाऱ्या जमिनीचे मोठे तुकडे पाडायचे, बहुतेक चार, एका फडात एकच पीक, एकात ऊस, एकात गहू, एकात बाजरी-ज्वारी असं, आणि दरवर्षी पिकं फिरवायची. जवळपास प्रत्येक शेतकऱ्याचा प्रत्येक फडात तुकडा. का? तर ज्या वर्षी पाणी कमी त्या वर्षी पंच ठरवतात की एक फड पडीक ठेवायचा, आणि तो पडीक ठेवला की सगळ्यांचंच थोडं थोडं जातं, कोण्या एकाचंच घर बुडत नाही. पाणी द्यायला पाटकरी, त्याच्यावर हवालदार, पिकाची राखण करायला जागल्या, आणि या सगळ्यांना धान्यात मोबदला. आजोबा सांगायचे की रात्री पाणी सोडायला गेलं की स्वतःच्या वावराकडे आधी बघायचं नाही, बघितलं तर दुसऱ्या दिवशी पंचांसमोर उभं राहावं लागायचं.

तर माझं म्हणणं असं, बंधाऱ्याला एकच पालक दे, दगडकाम, आणि तो दोन-तीन पायऱ्यांवर आण. त्याच्यापुढे "पाळी", म्हणजे कोणी कधी पाणी घ्यायचं ते वाटून घेणं, असं वेगळं तंत्र कर, त्याचा पालक लेखन नको, पंच असू दे. आणि बंधारा अधिक पाळी मिळून फड. नुसता बंधारा बांधला तर थोडा फायदा, पाळी आली की खरा. कारण पाळीशिवाय बंधारा म्हणजे वरच्या गावाने सगळं पाणी घ्यायचं आणि खालच्याने भांडायला यायचं, हे आमच्याकडे आजही होतं.

थाळनेरचा वाटसरू

दादा, दोनदा वाचलं. "पाळी" हे तंत्र माझ्या यादीतच नव्हतं. आज रात्रीच घालतो.

भरीतपार्टी

बंधारा वगैरे ठीक आहे पण तुमच्या सुरुवातीच्या स्क्रीनशॉटमध्ये 1382 ला नंदुरबारच्या चौकोनावर मिरचीचं चिन्ह दिसतंय. भाऊ, मिरची अमेरिकेतली, पोर्तुगीजांबरोबर आली, म्हणजे 1498 च्या आधी हिंदुस्थानात मिरची नाहीच. फारुकींच्या पहिल्या शंभर वर्षांत ना ठेचा, ना हिरव्या मिरचीचं भरीत. तंबाखू, मका यांचंही तेच. केळी मात्र ठेव.

लेवा पाटलीण

बिना मिरचीचं भरीत! मिरं घालत असतील का? आमच्याकडे हिवाळ्यात शेतात तुराट्यांवर वांगी भाजतात त्यात मिरची-लसूण नसेल तर ते काय भरीत म्हणायचं. कळण्याची भाकरी तरी असेल ना हो.

भरीतपार्टी

ताई, ज्वारी-उडीद दोन्ही आपल्याकडचं जुनं, कळणा असणारच 🙂

गिरणाकाठची

हसण्यावारी नेऊ नका, मिरचीचा मुद्दा डिझाईनच्या कामाचा आहे. काही गोष्टी खानदेशात कोणी शोधून काढल्या नाहीत, त्या रस्त्याने आल्या. मिरची तशी आली, तंबाखू तसा आला, तोफसुद्धा तशीच. सुरत-नंदुरबार-बऱ्हाणपूर हा केवढा वाहता रस्ता होता, बऱ्हाणपूरचं कापड त्यावरून सुरतेला जायचं आणि तिथून जहाजाने इराणकडे. फ्रीसिव्हमध्ये टेक लीकेज नावाची सोय आहे, ज्या खेळाडूंकडे तुमचा वकील (राजदूत) आहे आणि ज्यांना ते तंत्र आधीच येतं त्यांच्यामुळे तुमची किंमत कमी होते. ते चालू करा, आणि तोफेची मूळ किंमत इतकी ठेवा की एकट्याने शोधत बसणं परवडूच नये. मग पोरांना तोफ हवी असेल तर नंदुरबारचा रस्ता सांभाळावा लागेल, तांडे फिरवावे लागतील, शेजाऱ्याकडे वकील ठेवावा लागेल.

अशीरगड पाहिलेला

तोफेबद्दल अजून एक. ती मिळाल्यावर किल्ले पटापट पडतात का तुमच्या गेममध्ये? पडत असतील तर तेही बदला. अकबराला अशीरगड 1601 ला मिळाला तो कित्येक महिने वेढा घालून बसल्यावर, आणि तटाला खिंडार पाडून नाही. आत कोंडलेली माणसं, रोगराई, बोलणी आणि पैसा, यावर तो निकाल लागला. बागलाणातल्या साल्हेरकडे बघा, 1567 मीटर, त्यावर तोफ चढवायची कशी. डोंगरी किल्ल्याला तोफेविरुद्ध मोठा बोनस द्या, आणि त्याऐवजी "वेढा" आणि "फितुरी" अशी दोन वेगळी तंत्रं ठेवा. मुघलांना वेढा आधीपासून द्या.

बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा घेतलाय का? 1615 च्या सुमारास खानखानान रहीमच्या वेळचा. सातपुड्याच्या पायथ्याचं झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून नुसत्या उताराने शहरात आणलंय, वर शंभरावर कुंड्या. मी आत उतरून पाहिलाय, ऐंशी-नव्वद फूट खाली थंडगार आणि पायाशी वाहतं पाणी. ही विद्या इराणकडची, म्हणजे तीही रस्त्याने आलेली. तुमच्या "वंडर"मध्ये (एकदाच बांधता येणाऱ्या मोठ्या वास्तूंत) टाका, आणि पालक म्हणून पांझरेचा बंधारा लावू नका, त्या दोन वेगळ्या वाटा आहेत.

भुसावळ जंक्शन

तुम्ही लोकांनी फार खोलात नेलं 🙏 मी एज ऑफ एम्पायर्सचे बरेच सिनॅरिओ केलेत, अनुभवाने सांगतो, खेळणाऱ्याला पहिल्या वीस मिनिटांत तीन-चार निर्णय असे मिळाले पाहिजेत की त्याला वाटेल मी काहीतरी निवडलं. पाळी, पंच, वकील, लीकेज, हे सगळं मामाच्या बारा वर्षांच्या पोराला कोण समजावणार? इतिहास बरोबर असून गेम कंटाळवाणी असेल तर कोणी खेळणार नाही.

साक्रीचा पाटकरी

भाऊ, बारा वर्षांच्या पोराला पाळी समजते. पाणी कमी आहे, तू आधी घेणार की मी, यापेक्षा सोपा निर्णय कोणता?

भुसावळ जंक्शन

हे मात्र मानलं.

तोरणमाळ

मी तळोद्याकडे शिक्षक आहे. भिल्ल नाईकांना खेळाडू म्हणून घेतलंत हे चांगलं, पण त्यांची सुरुवातीची तंत्रं बघितली तर धनुष्य, शिकार आणि शून्य. बाकी तिघांना शेती, लेखन, धातू. म्हणजे एकाच शिडीवर भिल्ल खालच्या पायरीवर उभे, आणि गेमभर वरच्यांच्या मागे धावणार. माझ्या वर्गातला मुलगा हा गेम उघडेल तेव्हा त्याला काय दिसेल याचा विचार करा.

सातपुड्यात शिडी वेगळी आहे. महू, चारोळी, डिंक, कोणतं झाड कधी काय देतं, कोणत्या नाल्याला वैशाखात पाणी असतं, उतारावर एकाच वावरात चार-पाच धान्यं मिसळून कशी पेरायची, हे ज्ञान आहे आणि ते पिढ्यांनी जमवलंय. एकमेकांच्या शेतावर सगळ्या फळ्याने (पाड्याने) येऊन काम करायची लाह आहे. नर्मदेपलीकडे अलिराजपूरच्या बाजूला तर आदिवासी गावं डोंगरातल्या ओढ्याला दगड-माती-पाल्याचा बांध घालून पाट काढतात, कड्याच्या कडेने तो पाट नेतात, म्हणजे पाटाची विद्या काय फक्त पांझरेची नाही. आणि लष्करी बाजूने बघा, डोंगरवाटा ज्यांच्या हातात त्यांच्यापुढे मोठ्या फौजांचं काही चाललं नाही. इंग्रजांनी आधी बळाने करून पाहिलं, जमलं नाही, मग 1825 मध्ये औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली, त्यांनाच नोकरीत घेतलं. तरी 1857-58 मध्ये खाज्या नाईक, भीमा नाईक उठलेच, आंबापाणीची लढाई 11 एप्रिल 1858 ची. यांना "मागासलेलं राष्ट्र" म्हणून गेममध्ये ठेवणं चूक आहे.

थाळनेरचा वाटसरू

सर, तुमचं म्हणणं मनाला लागलं. तसा हेतू नव्हता, पण हेतू नसताना तसंच झालंय हे खरं. मूळ फाईलमधली सुरुवातीची तंत्रं तशीच ठेवली आणि उरलं ते भिल्लांना दिलं. बदलतो.

भुसावळ जंक्शन

पण दोन वेगळे ट्री केले तर बॅलन्स टेस्ट करायला वर्ष जाईल, हे अनुभवाने सांगतोय. भिल्लांना फक्त युनिट वेगळं द्या.

गिरणाकाठची

दोन फाईल कशाला, एकाच फाईलमध्ये होतं. प्रत्येक तंत्राला दोन पालकांशिवाय एक मूळ-अट लावता येते, ते मूळ तंत्र तुमच्याकडे नसेल तर ते तंत्र कसंच मिळत नाही, शहर जिंकूनही नाही, तहात मागूनही नाही. "डोंगरवाट" असं एक मूळ तंत्र करा, ते नेशनच्या फाईलमधून भिल्लांना सुरुवातीलाच द्या, आणि वनविद्या, मिश्रपेर, लाह, डोंगरपाट हे सगळं त्याच्यावर लावा. मुघलांनी सातपुड्यातली पाच गावं घेतली तरी वनविद्या त्यांना मिळणार नाही. हेच रेल्वेला करा, तिचं मूळ फक्त इंग्रजांकडे.

लोको शेड

रेल्वेचा विषय निघाला म्हणून लिहितो, वडील लोकोमध्ये होते. विलायतेत आधी कारखाने, मग रेल्वे, असा क्रम होता. आपल्याकडे बाण उलटा आहे हो. 1861 ते 65 अमेरिकेत यादवी, विलायतेला कापूस मिळेना, खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव, आणि त्याच दशकात लाईन इकडे आली. आधी रेल्वे आली, आणि रेल्वे आहे म्हणून स्टेशनाजवळ जिन (सरकी काढायचे कारखाने) आणि प्रेस उभे राहिले, कारण गाठी दाबून डब्यात भरायच्या तर प्रेस हवा. त्याआधी बायका घरी रेच्यावर सरकी काढायच्या आणि माल बैलांच्या तांड्याने जायचा. तर जिनिंगचा पालक रेल्वे ठेवा. आणि रेल्वे आली की लमाणांच्या तांड्याचं उत्पन्न कमी होऊ द्या, ते खरंच झालं.

पाटणादेवी

थोडं अवांतर. गणित बंधाऱ्याच्या मागून काढलंत ते योग्य, पण ट्रीमधूनच काढू नका. चाळीसगावजवळ पाटणला 1207 चा शिलालेख आहे, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला आणि निकुंभ राजांनी त्याला देणग्या दिल्या. तुमचा खेळ 1382 ला सुरू होतो म्हणजे तो आधीच उभा असलेला वंडर होईल. आणि खरं तर सुरुवात आणखी मागे न्या ना, पाटण्याला शहामृगाच्या अंड्याच्या कवचावर कोरलेली नक्षी सापडलीये, अश्मयुगातली. तापीकाठी सावळदा, प्रकाशे, गिरणेवर बहाळ, ताम्रपाषाण काळाची केवढी ठिकाणं आहेत.

साक्रीचा पाटकरी

ते दुसऱ्या सिनॅरिओला ठेवा, नाहीतर फडापर्यंत पोचायलाच मध्यरात्र होईल.

थाळनेरचा वाटसरू

मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय. बदल केले, काल रात्री मामाच्या मुलांबरोबर ऑनलाईन परत खेळलो. बंधारा आता तीन पायऱ्यांवर, पाळी चारवर, फड सहावर. तोफ महाग, पण वकील ठेवले तर उतरत जाते. शिवाय दुष्काळ आपत्ती म्हणून घातला, 1630 ते 32 च्या दरम्यान हमखास येतो, ज्या शहरात फड आहे तिथे माणसं कमी मरतात.

काय झालं ते सांगतो. मोठ्याने फारुकी घेतले, तिसऱ्याच तंत्राला बंधारा घेतला आणि लळिंगजवळ बांधला. धाकट्याने बागुल घेतले, त्याची गावं पांझरेच्या वरच्या अंगाला, त्यानेही बंधारा बांधला, पाळी कोणीच घेतली नाही. खालच्या शहराचं धान्य घटायला लागलं तसा मोठा चिडला, तू पाणी अडवतोस म्हणून. अर्धा तास तोफेचं नावसुद्धा निघालं नाही, नुसती पाण्यावरून भांडणं! शेवटी दोघांनी तह केला आणि पाळी वाटून घेतली. सातपुड्यात मामेबहीण भिल्ल खेळत होती, ती डोंगरवाटांनी मुघलांचे तांडे लुटून सगळ्यांपेक्षा श्रीमंत झाली, तिच्या बाजूचा हिशोब जरा कमी करावा लागेल.

आता एकच अडलंय. फारुकी खेळणारा सारखा विचारत होता की तापी एवढी मोठी, थाळनेर तिच्या काठावर, मग तिच्यावर बंधारा का बांधता येत नाही? मी तात्पुरतं बंद ठेवलंय. पण का बंद, हे गेममध्ये कसं दाखवू?

तोरणमाळ

लुटीचा हिशोब कमी करा, चालेल. पण वनविद्येचा नको 🙂

साक्रीचा पाटकरी

तापी खोल वाहते म्हणून. थाळनेरच्या किल्ल्यावर उभं राहून खाली बघितलंस तर पाणी कुठे आणि वावर कुठे. दोन्ही तट उंच, काळ्या मातीत खोल चर पडल्यासारखी नदी. दगडाच्या बंधाऱ्याने ते पाणी उताराने वावरात चढत नाही, उचलावं लागतं, आणि एवढ्या उंचीला मोट पुरत नाही. म्हणून जुनं बागाईत सगळं पांझरा-गिरणेसारख्या नद्यांवर, आणि तापीकाठ कोरडवाहू. इंजिन आणि पंप आल्यावर तिकडे केळी वाढली.

गिरणाकाठची

मग तापी नकाशावर वेगळ्या प्रकारची नदी करा, ते करता येतं. बंधाऱ्याची अट "उथळ नदी", आणि तापीच्या चौकोनावर क्लिक केलं की मदतीच्या मजकुरात हेच दादांचं वाक्य. पंप ट्रीमध्ये दाखवा, शेवटच्या टोकाला, पण त्याची किंमत अशी ठेवा की 1906 पर्यंत पोचता येणार नाही. खेळाडूला ते पान दिसत राहील, आणि शेवटपर्यंत नदी शेजारून वाहत जाईल.

थाळनेरचा वाटसरू

हे करतोच. लहानपणी आम्ही उन्हाळ्यात किल्ल्याच्या भिंतीवर बसून खालचं पात्र बघायचो आणि वरच्या वावरात बाजरी करपलेली असायची, ते आत्ता आठवलं. दादा, मदतीचा मजकूर तुम्हीच लिहून द्याल का? फड, पाळी, पाटकरी, जागल्या, तापी, पाच परिच्छेद.

साक्रीचा पाटकरी

देतो. वडिलांना विचारून लिहितो, म्हणजे नावं चुकणार नाहीत. पण रविवारनंतर, सध्या गव्हाला पाणी चालू आहे आणि आमची पाळी रात्रीची आहे.

जिभाऊ शिंदखेड्याचा

आनि माले फाईल कव्हय धाडशी?